नाबाद ४४३ आणि नाबाद ४१

परवा शनिवारी घरून एक डेटा मायग्रेशन चालू होतं. प्रोग्रेस बार ढिम्म हलेना, मग नेहमीप्रमाणे जुनी स्कोअरकार्ड्स उघडून बसलो. (वेळ घालवायला लोक सिनेमे बघतात, मी हे बघतो. चालायचंच!)

सामना डिसेंबर १९४८ चा. रणजी ट्रॉफी, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, पुण्याचं पूना क्लबचं मैदान. काठियावाड सर्वबाद २३८. महाराष्ट्र ४ बाद ८२६! त्यात कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा १९३० चा विश्वविक्रम होता नाबाद ४५२. म्हणजे बरोबरीला नऊ आणि मोडायला दहा धावा. दोन-तीन चौकारांचा तर मामला.

पण जेवणाची सुट्टी झाली आणि काठियावाडचे कप्तान, राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणाले बस्स झालं. सामना सोडून संघ सरळ घरी! पुढे १९५९ मध्ये हनीफने ४९९ केल्या, १९९४ मध्ये लाराने नाबाद ५०१. निंबाळकरांना मात्र एकही अधिकृत कसोटी मिळाली नाही. २०१२ च्या डिसेंबरात, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ते गेले. प्रथम श्रेणीत कुणाही भारतीयाने त्यांचे ४४३ अजून ओलांडलेले नाहीत.

ऑफिसात चहाच्या वेळी मी ही गोष्ट कितीदा तरी रंगवून सांगितली आहे आणि दर वेळी ठाकोरसाहेबांना यथेच्छ शिव्या घातल्या आहेत. या वेळी मात्र घास अडकला. कारण मीही एकदा काठियावाड होतो.

बाबांची बदली जव्हारला होती तेव्हाची गोष्ट. भातकापणी झाली की एका खाचरात आमचं पिच तयार व्हायचं, धसकटं पायाला टोचायची. मोखाड्याकडच्या पाड्यावरचा एक मुलगा आश्रमशाळेतून खेळायला यायचा. अनवाणी. त्या दिवशी तो आऊटच होईना. मी टाकलेला प्रत्येक बॉल बांधापलीकडे. आमच्यात कुणाचे पन्नास कधी झाले नव्हते, आणि तो ४१ वर पोचला होता. बॅट माझी, स्कोअरची वहीही माझीच. मी म्हटलं, "अंधार पडला, चला." बॅट उचलली आणि वहीत लिहिलं : अंधारामुळे खेळ थांबला.

खरं तर चांगलं लख्ख ऊन होतं.

मागच्या पावसाळ्यात मित्रांबरोबर दाभोसा धबधबा बघायला गेलो होतो. जव्हारच्या एसटी स्टँडसमोर चहा घेताना एक जीपवाला माझ्याकडे टक लावून बघत होता. मग हसला. "वळखलं नाय? माझे एकेचाळीस बाकी हायेत तुझ्याकडं. नाबाद!"

मी काय बोलणार? "अंधार पडला होता रे," असं तोंडातून निघून गेलं. तीस वर्षांनीसुद्धा!! त्याने मान हलवली आणि चहाचे पैसे माझ्याआधी देऊन टाकले.

१९४८ च्या त्या कार्डावर निदान काठियावाडने सामना सोडल्याचं लिहिलेलं आहे. माझ्या वहीत तेवढंही नाही. ती वही आईकडे माळ्यावर असेल. पुढच्या शनिवारी शोधतो, 'अंधारामुळे' वर काट मारतो आणि वही घेऊन जव्हारला जातो. बॅटही नेईन म्हणतो. बोलिंग मीच टाकेन, पन्नास होईपर्यंत.

मायग्रेशन? रात्री अकराला फेल झालं. :)