लाँग लीव्ह

दुबईत एका बांधकाम कंपनीत मी टाइमकीपर होतो. कोण कामावर, कोण आजारी, कुणाचा ओव्हरटाइम किती, हे लिहायचं. २००९च्या जानेवारीत आधी ओव्हरटाइमचा रकाना रिकामा पडला, मग क्रेन थांबल्या. सप्टेंबर २००८मध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाल्याचं वाचलं होतं. तिचा आमच्या काँक्रीटशी काय संबंध, ते बँकांनी बिल्डरांची कर्जं रोखली तेव्हा कळलं.

राहायचो सोनापूरच्या कामगार कॅम्पात. मुंबईत सोनापूर म्हणजे स्मशान. म्हणून गावी मी नुसतं दुबईच सांगायचो.

फेब्रुवारीत साहेबांनी कमी करायच्या माणसांची यादी मागितली. आधी हेल्पर, त्यातही नवे. खेडकडचा एक पोरगा पाच महिन्यांपूर्वीच आलेला. एजंटला ऐंशी हजार दिलेले, तेही व्याजाने काढून. पगार ७०० दिरहम, म्हणजे तेव्हाचे नऊ हजार रुपये. खाणं-फोन जाऊन कर्ज फिटायला वर्ष तरी लागणार होतं. नवा म्हणजे कर्जात बुडालेला, आणि तोच पहिला जाणार. हे कळत असूनही त्याचं नाव मीच लिहिलं. ते मला आजही सलतं.

तिथे आमच्यासारख्याला बेकार राहायचीही मुभा नव्हती. व्हिसा कंपनीचा, खोली कंपनीची. व्हिसा कॅन्सल झाला की तीस दिवसांत देश सोडायचा. दुसरं काम मिळालं तरी जुन्या मालकाची एनओसी हवी, नाहीतर सहा महिन्यांची बंदी. म्हणून मंदीतले बेकार दुबईच्या रस्त्यावर दिसलेच नाहीत. ते खेडच्या एसटी स्टँडवर उतरले, करीमनगरला उतरले, केरळात उतरले.

कित्येकांना तर काढलंही नाही, 'लाँग लीव्ह' दिली. बिनपगारी. कामं सुरू झाली की बोलावू, असं तोंडी सांगितलं. पण सहा महिने देशाबाहेर राहिलं की रेसिडेन्सी आपोआप रद्द होते. हे लीव्हच्या कागदावर कुठेच नव्हतं. खेडकडच्या त्या पोरालाही लीव्हच मिळाली. रात्री त्याला बाजूला घेऊन मी ते समजावलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "दादा, आईला सुट्टीवर आलोय म्हणूनच सांगतो. कागद आहे ना तसा."

विमानतळावर कंपनीच्या माणसाने काउंटरपाशी त्याचा पासपोर्ट परत दिला. पोराने व्हिसाचं पान उघडलं, मुदतीच्या तारखेवर बोट ठेवलं आणि मला दाखवलं. २०११.