‘शून्या’वर किती विश्वास ठेवावा?

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवीय प्रदेशात उतरले. विक्रम आणि प्रज्ञान यांनी टिपलेली निरीक्षणे वर्षभराने, पहिल्या राष्ट्रीय अंतराळ दिनी, इस्रोने सर्वांसाठी खुली केली. चांद्ररात्रीनंतर ती यंत्रे पुन्हा जागी झाली नाहीत. त्या नोंदी पुन्हा घेता येणार नाहीत. आता भिस्त आहे ती प्रतींवर. मग प्रत अस्सल आहे, हे ठरवायचे कसे?

हा प्रश्न कोणत्याही प्रयोगशाळेतील डेटाबेसला रोजच पडतो. पोस्टग्रेसचे उदाहरण घेऊ. त्यात प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहिला जातो. हा लॉग सहसा १६ मेगाबाइटच्या तुकड्यांत विभागलेला असतो. तुकडा पूर्ण झाला की त्याची प्रत संग्रहात जाते, आणि राखीव सर्व्हर तेथून एकेक तुकडा क्रमाने उचलत मुख्य सर्व्हरच्या पावलावर पाऊल टाकत राहतो. प्रत करणाऱ्या आज्ञेने ‘शून्य’ हे उत्तर दिले, की काम फत्ते झाले असे मुख्य सर्व्हर मानतो आणि मूळ तुकडा काढून टाकण्यास मोकळा होतो.

धोका नेमका येथे आहे. साधी आज्ञा ‘शून्य’ कळवते, तेव्हा मजकूर कित्येकदा मेमरीतच असतो, डिस्कवर उतरलेला नसतो. त्याच क्षणी वीज गेली, तर संग्रहात अर्धवट फाइल उरते. साखळीतील एक कडी तुटली, की पुढचे सारे तुकडे निर्दोष असूनही निरुपयोगी ठरतात. राखीव सर्व्हर तेथेच थांबतो.

म्हणून प्रत आधी तात्पुरत्या नावाने करावी, ती डिस्कवर पक्की उतरवावी, मूळ आणि प्रत यांचे चेकसम ताडून पाहावेत आणि मगच तिला खरे नाव द्यावे. त्या नावाची फाइल आधीच असेल, तर ती पुसून नवी लिहू नये. मजकूर तंतोतंत जुळला तर यश कळवावे, अन्यथा अपयश. अपयश कळवण्यात कमीपणा नाही. उत्तर शून्य नसेल, तर पोस्टग्रेस मूळ तुकडा जपून ठेवतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. मात्र असे तुकडे साचून डिस्क भरू शकते, याकडे लक्ष हवे.

तरीही चेकसम एवढेच सांगतो, की प्रत मुळाबरहुकूम आहे. तिच्यातून डेटाबेस खरोखर उभा राहतो का, हे तो अधूनमधून उभा करूनच कळते. विज्ञानात पडताळणीवाचून निष्कर्ष स्वीकारत नाहीत. प्रतीलाही तोच नियम लागू आहे.