पान लागलं तेव्हा

डोळखांबच्या बाजूला आमची भातशेती. आवणीत रोपं उपटून मुठी बांधताना माझ्या हाताला पान लागलं. साप दिसलाच नाही, नुसते बारीक ओरखडे आणि रक्त. बांधावर येईपर्यंत जीभ कोरडी पडली, बोटं बधिर झाली, छाती आवळली. काका म्हणाले, "भगताकडे न्या." भावाने ऐकलं नाही. मोटारसायकलवर मला मध्ये बसवून त्याने शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय गाठलं.

डॉक्टरांनी पापण्या पाहिल्या, मान उचलायला लावली. मग काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन ती 20 मिनिटं न हलवता ठेवली. घोणस-फुरशाचं विष भिनलं असेल तर रक्त गोठत नाही. माझं गोठलं. तेवढ्यात चुलतभावाने फोटो धाडला: राबातली दिवड, बिनविषारी! फोटो पाहता पाहता बोटं मोकळी झाली. तोवर धनुर्वाताच्या इंजेक्शनाखेरीज काही दिलेलं नव्हतं. तरी रात्रभर ठेवून घेतलंच.

तो बधिरपणा खोटा नव्हता. भीतीने श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि बोटांना खरोखरच मुंग्या येतात. मनातली भीती शरीरात उतरते कशी, हे कोडं जुनंच. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 1641 मध्ये मन आणि शरीर ही दोन वेगळी द्रव्यं ठरवली. 1643 मध्ये बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने त्याला पत्रातून विचारलं, की अशरीरी मन शरीराला हलवतं तरी कसं? त्याला धड उत्तर देता आलं नाही. बांधावर माझ्या फुफ्फुसांचं मात्र त्यावाचून काही अडलं नाही.

भगताचं यशही यातलंच. बरेचसे साप बिनविषारी. विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. मंत्राने धीर येतो, श्वास सावरतो, माणूस उठून बसतो.

मण्यारीपुढे ही मात्रा चालत नाही. ती रात्री झोपेत चावते. दुखणं, सूज जवळपास नाहीच. मन निवांत असतं आणि काही तासांनी पापण्या मिटू लागतात, कारण विष मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोचू देत नाही. माणूस शुद्धीवर असतो, ऐकत असतो, पण त्याला बोटही हलवता येत नाही. तिथे देकार्तचं म्हणणं पटायला लागतं, हेही खरं.

तेव्हा पान लागल्यावर आपल्याला कसं वाटतंय यावर जाऊ नका. जखम कापू नका, आवळून बांधू नका, हातपाय हलवू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारहींवर चालणारं प्रतिविष रुग्णालयात मिळतं. थेट तिथेच जा.