मनीचा उंबरा

घरातील मांजराने एखाद्या सकाळी अंथरुणावर लघवी करून ठेवली, तर आपल्या मनात प्रथम काय येईल? माझ्या मनात आला तो राग. आमची मनी तेव्हा १४ वर्षांची होती. फुलपाड्यातील या घरात ती पिल्लू असताना आली, आणि घमेल्यातील रेती उकरून पुन्हा झाकायला तिला कोणी शिकवावे लागले नव्हते. अशा टापटिपीच्या प्राण्याने आधी पायपुसण्यावर, मग सासूबाईंच्या गोधडीवर घाण करावी, हे मला निव्वळ हट्टाचे लक्षण वाटले. मी तिच्यावर ओरडले. एकदा तर मानगूट धरून तिचे नाक त्या ओल्या जागी दाबले. हे लिहिताना आजही लाज वाटते.

पावसाळ्याचे दिवस होते. गोधडी वाळत नव्हती आणि घरभर उग्र दर्प भरला होता. मी दिवसातून दोनदा फिनाइलने फरशी पुसत असे. त्यातही दोन चुका होत्या. काळ्या फिनाइलमधील फिनॉल मांजराच्या यकृताला पचत नाही, आणि पंजे चाटताना ते पोटात जाते. शिवाय आपल्याला वास येईनासा झाला, तरी मूत्राचा अंश तसाच राहतो. मांजराचे नाक तो ओळखते आणि त्याच जागी परतते. शेजारच्या एका वहिनींनी सुचवले, "पोत्यात घाला आणि पापडखिंड धरणाकडे सोडून या. मांजर कुठेही जगते." खोटे कशाला सांगू, एक रात्र मीही तो विचार केला. पाळलेला जनावर असा सोडून देणे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे पुढे कळले. परंतु उशाशी झोपणाऱ्या जिवासाठी कायदा आठवावा लागणे हीच नामुष्की.

सासूबाईंनी मात्र वेगळेच पाहिले होते. "अगं, ती हट्ट करत नाही. उंबऱ्यापाशी थबकते कशी ते बघ. अगदी माझ्यासारखी." मनीचा ट्रे बाल्कनीत होता. मध्ये उंच उंबरा, आणि पलीकडे ट्रेची वीतभर उंच कड. मनी तिथवर जायची, पुढचा पाय उचलायची, खाली ठेवायची आणि मागे वळायची.

पशुवैद्यांनी तिचे मागचे पाय हलवून पाहिले, रक्त आणि लघवी तपासली. कमरेचे सांधे झिजले होते आणि मूत्रपिंडे थकू लागली होती. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ वर्षांवरील १०० मांजरांपैकी ९० मांजरांच्या क्ष-किरण चित्रांत सांध्यांची झीज आढळली होती. मांजर लंगडत नाही, कण्हत नाही. केवळ उड्या मारणे सोडते. आपण म्हणतो, वय झाले. मूत्रपिंड थकले की लघवी पातळ आणि भरपूर होते, त्यामुळे तहान वाढते. मनीची वाटी लवकर रिकामी होते, म्हणून मी खूश होते! मधुमेह, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा बद्धकोष्ठ यांतूनही हेच घडू शकते; म्हणून आधी तपासणी, मग ट्रेचा विचार.

आम्ही एक मोठा प्लॅस्टिकचा टब घेतला, त्याची एक बाजू दोन-तीन बोटे उंची ठेवून कापली आणि कड घासून गुळगुळीत केली. मांजराच्या लांबीच्या दीडपट जागा आत हवी, म्हणजे त्याला वळता येते. एक टब दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, दुसरा मोरीजवळ. रेती बारीक आणि बिनवासाची. ओले गोळे सकाळ-संध्याकाळ काढायचे. जुन्या डागांसाठी प्राण्यांच्या दुकानात मिळणारे एन्झाइमचे द्रावण वापरले. नणंद बाळंतपणासाठी आली, तेव्हा हे काम तिच्याकडे कटाक्षाने दिले नाही. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्माचा संसर्ग होऊ शकतो. मात्र तो जंतू बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो, त्यामुळे रोजची सफाई सर्वांच्याच हिताची.

दोन गोष्टी विसरू नका. गुडघेदुखीवरची घरातील गोळी मांजराला कधीही देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. आणि बोका वारंवार बसून कुंथत असेल, पण लघवी होत नसेल, तर उद्याची वाट न पाहता त्याच घटकेला दवाखाना गाठावा.

मनी आता १६ वर्षांची आहे. महिन्यातून एखादे दिवशी पायपुसणे भिजतेच. ते धुवायला जाते. तिला कोणी बोलत नाही. उंबऱ्याशेजारी सासूबाईंना धरायला आम्ही एक दांडी बसवून घेतली. संध्याकाळी त्या दांडी धरून बाल्कनीत जातात, आणि मनी उंबऱ्याच्या अलीकडे बसून त्यांच्यासोबत जीवदानीच्या डोंगराकडे पाहत राहते.