कारकुनाची करामत

स्कॉच पिंपात मुरताना दरवर्षी सुमारे २ टक्के हवेत उडून जाते. तिकडे त्याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. आमच्या बँकेत टीडीएस! उरलेली ‘बाल्वेनी डबलवुड’ बारा-एक वर्षं अमेरिकन ओकच्या पिंपात काढते आणि मग नऊ महिने स्पॅनिश शेरीच्या रिकाम्या पिंपात डेप्युटेशनवर जाते. मित्राकडे दोन थेंब पाणी घालून चाखली. म्हटलं, अरे, यात मध नि मनुका आल्या कुठून? ती १९९३ साली आणणारे डेव्हिड स्ट्युअर्ट १९६२ साली कंपनीत चिकटले, ते साठ्याच्या वह्या लिहिणारे कारकून म्हणून! मी ग्लास पुढे केला. नऊ महिन्यांत चव पालटते, तर वीस वर्षं एकाच काउंटरवर मुरलेल्याने आशा का सोडावी? फक्त बदलीचं पिंप चांगलं मिळायला हवं, साहेब!