करड्या चेहऱ्याचा गृहस्थ

ई-रीडरची पहिली भेट दुकानात घेऊ नका. तिथे तो फार केविलवाणा दिसतो. शेजारी टॅब्लेटची रांग, त्यांच्यावर मोर नाचतायत, धबधबे कोसळतायत. आणि हे गृहस्थ करडा चेहरा करून कोपऱ्यात बसलेले. "यावर फक्त वाचता येतं," असं विक्रेतासुद्धा जरा ओशाळूनच सांगतो. त्याला गच्चीवर न्या. एप्रिलच्या भर दुपारी टॅब्लेटमध्ये आपलाच घामेजलेला चेहरा दिसायला लागतो, आणि याचं अक्षर मात्र ऊन चढेल तसं ठळक होतं. उन्हात मिरवायची त्याला हौस आहे, आणि ती त्याला शोभतेही.

यामागचं कारण त्याच्या अंगातच आहे. पडद्याला स्वतःचा उजेड नाही. ई-इंकच्या थरात केसाच्या जाडीच्या असंख्य कुप्या असतात आणि त्यांत काळे-पांढरे कण तरंगत असतात. विजेच्या इशाऱ्यावर कधी पांढरे वर येतात, कधी काळे. बाहेरचा उजेड त्यांच्यावर पडतो, परततो, आणि आपण वाचतो. रात्रीसाठी हल्ली कडेला बारीक दिवे असतात, पण त्यांचा झोत पानावर पडतो, डोळ्यांत घुसत नाही. कण एकदा जागेवर बसले की बसले. वीज लागते ती पान उलटताना. म्हणून हे महाशय एका चार्जिंगवर आठवडेच्या आठवडे काढतात. झोपले तरी चेहऱ्यावर चित्र तसंच राहतं, त्याला काही खर्च येत नाही. इतका आळशी आणि इतका कामाचा प्राणी मी दुसरा पाहिलेला नाही.

पण आळशी माणसाला घाई केली की तो वैतागतो, तसा हाही वैतागतो. भराभर पानं उलटा, मध्येच अख्खा पडदा काळा होऊन लुकलुकतो. नवा मालक घाबरतो, यंत्र बिघडलं म्हणून दुकानाकडे धावतो. बिघडलेलं काही नसतं. मागच्या पानाची पुसट सावली उरलेली असते आणि पाटीवर ओलं फडकं फिरवावं तशी तो ती पुसत असतो. दोन दिवसांत आपल्याला ते दिसेनासं होतं.

घराणं फार जुनं नाही. ई-इंक कंपनी अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या कामातून 1997 मध्ये निघाली. या शाईचं पहिलं वाचनयंत्र, सोनीचं लिब्रिए, 2004 मध्ये जपानात आलं. नाव मात्र झालं ते धाकट्याचं: 2007 च्या नोव्हेंबरात अ‍ॅमेझॉननं किंडल आणलं आणि पहिला साठा काही तासांत संपला. भारतात किंडलचं दुकान 2012 मध्ये उघडलं. तेव्हा तिथे मराठी कप्पा नव्हता. आपल्या भाषेची पुस्तकं 2016 च्या डिसेंबरात हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर तिथे रीतसर मांडली गेली. मराठी वाचकांनी किंडलला फार लवकर आपलं म्हटलं. परदेशातल्यांनी तर विशेषच. न्यू जर्सीत बसून कादंबरी त्याच मिनिटाला हातात येते, बॅगेतल्या किलोंचा हिशेब करावा लागत नाही.

आता त्याचा दोष सांगतो, आणि तो लहान नाही. माणूस माहेरधार्जिणा आहे. किंडल घेतलात की अ‍ॅमेझॉनच्या दुकानाशी सोयरीक जुळली. टोरांटोत जन्मलेला कोबो आणलात तर त्याच्या दुकानाशी. दुकानातलं कुलूपबंद पुस्तक एकाचं दुसऱ्याकडे उघडत नाही. शिवाय आपण 'विकत घेतो' ते पुस्तक नव्हे, वाचायचा परवाना. 2009 च्या जुलैत हे जगाला नीट कळलं. हक्क नसलेल्या विक्रेत्यानं ऑर्वेलची '1984' आणि 'अ‍ॅनिमल फार्म' किंडलवर विकली होती. अ‍ॅमेझॉननं लोकांच्या यंत्रांतून त्या प्रती परस्पर पुसल्या आणि पैसे परत केले. नंतर जेफ बेझोसनं जाहीर माफीही मागितली. पण रात्री उशाशी ठेवलेलं पुस्तक सकाळी नाहीसं होऊ शकतं, हे त्या दिवशी सिद्ध झालं. 2025 च्या फेब्रुवारीत विकत घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून केबलनं यंत्रात न्यायची सोयही अ‍ॅमेझॉननं बंद केली. म्हणून माझं ठाम मत आहे: ज्या पुस्तकावर जीव आहे ते कागदावरही घरात असावं.

खाण्यापिण्याच्या बाबतीत गृहस्थ चोखंदळ आहे. ईपब नावाची फाइल त्याला मनापासून आवडते (किंडलला मात्र ती आधी बदलून द्यावी लागते), कारण तिच्यातला मजकूर पडद्याच्या मापानं आपोआप वाहतो. पीडीएफ पाहिलं की त्याचं तोंड वाकडं होतं. पूर्ण आकाराच्या कागदाचं स्कॅन केलेलं पान तो सहा इंचांत कोंबतो आणि मुंगीएवढी अक्षरं पुढ्यात टाकून गप्प बसतो. मोठं करा म्हटलं तर ओळीचा अर्धा भाग पडद्याबाहेर. नेमकं मराठीतलं फुकट भांडार बहुतांशी पीडीएफमध्येच आहे! काही फायली युनिकोडपूर्व फाँटांत बांधलेल्या. त्यांतून मजकूर काढायला जावं तर अक्षरांऐवजी चिन्हांचा कचरा हाती येतो. अशा वेळी मध्यस्थ लागतो, आणि कोविद गोयल यांनी 2006 पासून घडवलेलं कॅलिबर हे सॉफ्टवेअर उत्तम मध्यस्थ आहे. मोफत, मनमिळाऊ, फाइलीचा अवतार बदलून देणारा. स्कॅनपुढे आणि त्या जुन्या फाँटांपुढे मात्र तोही हात टेकतो. पीडीएफच वाचायची असतील तर सरळ दहा इंचांचा भाऊबंद पाहावा.

आणखी एक चुलत भाऊ आहे, बूक्स. शाई तीच, पण आत अँड्रॉइड. काही मराठी विक्रेत्यांची ई-पुस्तकं त्यांच्या स्वतःच्याच अ‍ॅपमध्ये उघडतात. ती वाचायची तर हाच उपयोगी. मात्र अँड्रॉइड आलं की त्याच्यामागून सगळा बाजार येतो: निरोप, बातम्या, खेळ. ई-रीडरचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे वाचताना तो मध्ये तोंड घालत नाही. तो गुण या भावात तुम्हालाच सांभाळावा लागतो.

भरवायचं काय, हा प्रश्न मराठी माणसाला वाटतो तितका अवघड नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणजे 'श्यामची आई' 2011 पासून सर्वांची. हरिभाऊ आपटे, गडकरी, लक्ष्मीबाई टिळक हेही सर्वांचे झालेले. मराठी विकिस्रोतावर असे ग्रंथ सापडतात, आणि तिथून ईपब उतरवता येतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कित्येक पुस्तकं संकेतस्थळावर मोफत आहेत, ई साहित्य प्रतिष्ठान नव्या लेखकांची पुस्तकं फुकट वाटतं. अत्रे 1969 मध्ये गेले, पुलं 2000 मध्ये. त्यांच्यासाठी पैसे मोजावेत, तो त्यांचा हक्क आहे. कुठल्यातरी गटावर फिरणारी चोरटी फाइल या गृहस्थाच्या पोटात घालू नका. लेखकाला चार पैसे मिळाले तरच उद्या यंत्राला मराठी खाऊ मिळेल.

त्याचा मायाळूपणा पाहायचा असेल तर ज्येष्ठांच्या हातात द्या. ओळखीच्या एका आजींना मोतीबिंदूनंतर छापील पुस्तक नकोसं झालं होतं. नातवानं अक्षर एवढं मोठं करून दिलं की पानावर जेमतेम सात-आठ ओळी मावत. आजी एका हातात यंत्र, दुसऱ्यात जपमाळ घेऊन वाचायच्या, आणि पान उलटायला अंगठा पुरायचा. जाड ग्रंथ पोटावर तोलायचा त्रास संपला. दिवाळी अंकापुढे मात्र गृहस्थाची तारांबळ उडते. चित्रं, चौकटी, व्यंगचित्रं, रांगोळीएवढ्या जाहिराती हा त्याचा प्रांत नाही, आणि तो अंक कागदावरच वाचावा.

निवडताना लोक साठवण किती, म्हणून विचारतात. पुस्तकं इतकी हलकी असतात की साठवणीचा प्रश्न सहसा येतच नाही. बघायचं ते पडद्याचं माप, इंचाला तीनशे ठिपके आहेत का (देवनागरीच्या वेलांट्या-उकार त्यावर सुबक उमटतात), उजेड पिवळसर करता येतो का, आणि सगळ्यांत आधी, आपल्याला हवी ती पुस्तकं कोणाच्या दुकानात आहेत. हे पैसे न घालता कळतं. किंडल आणि कोबो दोघांचीही अ‍ॅप फोनवर मोफत मिळतात. आवडत्या पाच मराठी लेखकांची नावं तिथे शोधा, एखाद्या पुस्तकाचा नमुना उतरवा आणि 'तऱ्हा', 'कुऱ्हाड', 'स्त्रिया' यांतली जोडाक्षरं फुटतायत की धड उमटतायत ते डोळ्यांनी पाहा. पाचांतले तीन सापडले, अक्षर नीट दिसलं, की खुशाल घरी आणा. आणि पहिल्या रविवारी गच्चीवर बसवा.