शेंगदाण्याचे गोत्र

माली आणि सेनेगल या पश्चिम आफ्रिकेतील देशांत शेंगदाण्याच्या कालवणाला ‘माफे’ म्हणतात. तिकडे ते बहुधा मांस घालून करतात. मी रताळी, गाजर व कोबी घालून घरी केले. कांदा-टोमॅटो परतले, भाज्या टाकल्या, भाजलेल्या दाण्यांचे बारीक वाटण पाण्यात कालवून ओतले आणि वर तवंग येईपर्यंत मंद आचेवर शिजू दिले. सोबत भात.

आई म्हणाली, “अगं, ही तर आपली दाण्याची आमटी!” शेजारच्या अक्कांनी चव घेतली नि म्हणाल्या, “हे आमचं शेंगा सारू!”

वास्तविक भुईमूग ना आईचा, ना अक्कांचा, ना आफ्रिकेचा. त्याचे मूळ दक्षिण अमेरिकेत. १६व्या शतकात पोर्तुगिजांनी तो आफ्रिकेत नेला. पुढे तो भारतातही रुजला. आज बेळगावच्या बाजारात मराठी नि कानडी गिऱ्हाईक त्याला ‘शेंगा’ या एकाच नावाने मागते.

गाव कोणाचे, पाटी कोणत्या लिपीत, यावर आम्ही किती भांडतो! सातासमुद्रापलीकडच्या पिकाला दोघांनीही आपले म्हटले. मग भिंतीपलीकडच्या माणसाला परके का म्हणावे?